न उघडलेला फोटो आणि पांढरा बैल

छायाचित्र हे सत्याचं शेवटचं आश्रयस्थान आहे. माणूस खोटं बोलतो, कागद बनावट निघतो, साक्षीदार फिरतो. प्रकाशाने एकदा उमटवलेली आकृती मात्र कुणाला भीत नाही. फुलचूरला मी फोटो स्टुडिओ टाकला तेव्हा हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापून दारावर लावलं होतं. त्या वाक्याखाली बसून आजवर मी सर्वांत जास्त फोटो काढले ते पासपोर्टचे, आणि त्याखालोखाल फुटलेल्या डोक्यांचे.

आमच्या भागात शेताच्या धुऱ्या-बांधावरून, पाटाच्या पाण्यावरून, नाहीतर दुसऱ्याच्या धानात शिरलेल्या म्हशीवरून मारामारी झाली की जखमी माणूस दवाखान्यात जातो, ठाण्यात जातो, आणि बरेचदा या दोन्हींच्या आधी माझ्याकडे येतो. टाके घातले की जखम सभ्य दिसायला लागते, म्हणून फोटो टाक्यांच्या आधीचा हवा असतो. "पुसू नको बे रक्त, पुसू नको," असं सोबतचे लोक त्याला वाटभर बजावत आणतात. एकाने तर कमी पडलेलं रक्त बायकोच्या आलत्याने पुरं करून आणलं होतं. मी त्याला सांगितलं की रक्त वाळलं की काळं पडतं, आलता पडत नाही. तो म्हणाला, "मंग लवकर काढा ना."

गेल्या काही वर्षांत जखमा फोनमधून येऊ लागल्या. मारामारीच्या जागीच कुणीतरी फोटो काढून ठेवलेला असतो, मी फक्त कागदावर छापून द्यायचा. फोन साधा असला तर अडचण नसते. फोन महागडा असला की फाईलच्या नावापुढे जेपीजी ही ओळखीची अक्षरं नसतात; एच-ई-आय-सी अशी चार असतात. त्या चार अक्षरांपुढे माझ्या काउंटरवरचा जुना संगणक हात टेकतो, आणि आतल्या खोलीतल्या नव्या संगणकावर प्रकार बदलून आणावा लागतो.

"काऊन नाही उघडून राहिला? माह्या फोनमंधी तं मस्त दिसून राहिला."

मी समजावतो, की हा नवा प्रकार आहे, जुन्याच्या जवळपास निम्म्या जागेत तोच फोटो मावतो. कानावर रुमाल दाबून बसलेल्या एका गिऱ्हाइकाने यावर मला विचारलं होतं, "डोस्कं माह्यं फुटलं अन् तुम्ही जागा वाचवून राहिले?"

हा प्रश्न नवे प्रकार काढणाऱ्यांनाही बहुधा कुणी विचारला नसावा.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी या विषयावर मिळेल ते वाचतो. जेपीजी हा तसा लबाड प्रकार आहे. फोटो साठवताना त्यातलं थोडंसं खातो, पुन्हा साठवला की पुन्हा खातो, आणि विचारलं तर काही खाल्लंच नाही असा चेहरा करतो. त्याची जागा घ्यायला एकापेक्षा एक चांगले प्रकार आले. त्याच्याच घराण्यातला, नावामागे दोन हजार हा आकडा लावून आलेला धाकटा भाऊ सगळ्या परीक्षांत वरचढ होता. त्याला सिनेमागृहांत आणि दवाखान्यांच्या यंत्रांत नोकरी मिळाली, पण लोकांच्या घरात कुणी घेतलं नाही. यामागची कारणं जाणकार लोक सांगतात: पेटंट, परवाने, उघडायला लागणारा वेळ. ती खरी असतील. मला मात्र खरं कारण शंकरपटाच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, बैलगाडीच्या उभारीचा मार खाताना कळलं.

माझी मोठी बहीण चिचगडकडच्या जंगलपट्टीत दिली आहे. भाऊजींची धानाची शेती आहे आणि पटाचा नाद आहे. यातलं शेती कोणती आणि नाद कोणता, हे बाहेरच्या माणसाला सहज कळत नाही. त्यांच्या पटाच्या जोडीतला उजवा बैल पांढरा. तो जन्मला तेव्हा त्याची आई मेली, म्हणून भाऊजींनी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवला. बहीण म्हणते, स्वतःच्या लेकराला त्या माणसाने कधी बाटली धरली नाही. बाहेरगावाहून भाऊजींचा फोन आला की आधी पांढऱ्याची चौकशी व्हायची, मग घरच्यांची, तीही वेळ उरला तर.

भाऊजींच्या एकुलत्या एका मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, सासर शेजारच्याच गावात. तिचा सासरा, आमच्याकडच्या बोलीत भाऊजींचा इवाई, हाही पटाचाच माणूस. मुलगी देताना दोघांनी एकमेकांची जमीन कमी आणि बैल जास्त पाहिले होते. पुढे नातवाच्या बारशात, बाळ कुणाच्या वळणावर गेलं यावरून दोन्ही आजोबांचं वाजलं. बाळावरून गाडी बैलांवर आली, आणि जेवणाच्या पंगतीत, उष्ट्या हाताने, बोली ठरली: येत्या पटात दोघांच्या जोड्या एकमेकांसमोर सुटतील, आणि जो हरेल त्याने आपल्या जोडीतला उजवा बैल जिंकणाऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधायचा.

"इवाई, मांगं नाही हटायचं," भाऊजी म्हणाले.

"हटन तं मिशी काढीन," इवाई म्हणाले. त्यांना मिशी नव्हती. पण पंगतीत तेवढं कुणी पाहत नाही.

त्या गावच्या पटात निकाल देण्याची एक जुनी रीत होती. धान कापून झालं की रिकाम्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, सपाट करून शेजारी शेजारी दोन धावपट्ट्या आखतात. शेवटच्या रेषेवर दोन माणसं समोरासमोर जमिनीवर बसायची, एक या जोडीवाल्याने निवडलेला, एक त्या. जोड्या रेषा ओलांडून गेल्या की दोघांनी एकाच वेळी हात वर करून जिंकलेली बाजू दाखवायची. दोघांचे हात एकाच बाजूला गेले तर निकाल, नाही गेले तर दुसऱ्या दिवशी सकाळी जोड्या पुन्हा सुटायच्या. बैलांची धूळ नाकातोंडात जायची, कधी चाक अंगावरून जायचं, आणि आपल्या माणसाच्या विरुद्ध हात दाखवला तर घरी जाताना मार मिळायचा तो वेगळा. तरी लोक निकाल मानत. कारण दोन हात वर झालेले सगळ्या मैदानाला दिसत, आणि ते पाहायला कुणाला काही विकत घ्यावं लागत नसे.

ही रीत मोडायचं पट समितीच्या नव्या अध्यक्षांनी ठरवलं. अध्यक्ष रस्त्यांची कंत्राटं घेत. त्यांच्या पटाचा फ्लेक्स मीच छापला होता. त्यात त्यांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा होता आणि खाली कोपऱ्यात बैलांची जोडी दोन उंदरांसारखी पळत होती. मी सुचवलं की बैल थोडे मोठे करू. ते म्हणाले, "बैलायले पाहाले लोक येतेतच." त्यांनी नुकताच नागपूरहून एक फोन आणला होता. त्या फोनने ते स्वतः शेवटच्या रेषेवर उभे राहून फोटो घेणार आणि तो फोटो गोंदियाहून भाड्याने आणलेल्या मोठ्या एलईडी पडद्यावर दाखवून निकाल जाहीर होणार. मला कॅमेऱ्यासह बोलावलं होतं, पण ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, मंचावरच्या पाहुण्यांचे सत्कार टिपायला.

पटाच्या दिवशी अध्यक्षांनी माइक हातात घेतला. "बंधूंनो, आजपासून आपल्या गावात माणसाच्या डोळ्याचं राज्य संपलं! आता निकाल विज्ञान देईल!"

गर्दीतून एक म्हातारा ओरडला, "अन् विज्ञान चुकलं तं हानाचं कोनाले?"

लोक हसले. अध्यक्षही हसले. त्या दिवशी ते शेवटचं हसले.

आधीच्या जोड्यांत निकाल उघड होता, एक जोडी पुढे, दुसरी कासराभर मागे, त्यामुळे फोटो दाखवायची गरज पडली नाही. भाऊजी आणि इवाई यांची पाळी दुपारी आली. सत्कारांनी कॅमेऱ्याची बॅटरी केव्हाच संपवली होती, म्हणून मी मंचावरून उतरून, तिपाई खांद्यावर टाकून शेवटच्या रेषेकडे गेलो. झेंडी पडली. बैल सुटले ते पळत नव्हते, फेकल्यासारखे येत होते. भाऊजींच्या गाडीवरचा हाकणारा उभ्यानेच पांढऱ्याच्या पाठीवर जवळजवळ आडवा झाला होता. दोन्ही जोड्या एकाच धुळीच्या भिंतीतून आल्या आणि एकाच धुळीच्या भिंतीत गेल्या. रेषेवर काय झालं ते मी पाच हातांवर असूनही पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. त्यामुळे दोन्ही गावं एकाच वेळी ओरडली: "जितलो!"

अध्यक्षांनी फोन उंच धरला. "शांत राहा! फोटो आला आहे!"

तो फोनच्या काचेवर दिसत होता, हे खरं. त्यांनी स्वतः पाहिला, मान डोलावली आणि सस्पेन्स ठेवायचा म्हणून कुणाला सांगितलं नाही. मग फोन घेऊन पडद्याच्या गाडीकडे गेले. तिथे पडदेवाला लॅपटॉप मांडून बसला होता. गर्दीमुळे नेटवर्क केव्हाच गेलं होतं, तेव्हा फोटो पाठवता येईना. वायर लावून फाईल लॅपटॉपवर घेतली. पडदेवाल्याने ती उघडली, आणि त्या पडद्यावर, पुरुषभर उंच इंग्रजी अक्षरांत, ही फाईल उघडता येत नाही असा मजकूर आला.

"काय लिवलं, काय लिवलं?"

"लिवलं का उघडत नाही म्हनून."

"निकाल उघडत नाही?"

"हव."

पडदेवाल्याने मग त्याच्या धंद्यातले लोक करतात ते केलं. फाईलच्या नावातली शेवटची अक्षरं पुसून तिथे जेपीजी असं लिहिलं. नाव बदललं म्हणून माणूस बदलत नाही, फाईलही बदलत नाही. पडद्यावर आता दुसरा मजकूर आला: फाईल खराब झालेली आहे. हे एका कॉलेजच्या पोराने मोठ्याने वाचून दाखवलं.

"खराब केली! फाईल खराब केली बे यानं!" इवाईच्या गावचे लोक पडद्याकडे सरकले.

मी अध्यक्षांना म्हणालो, "फोनच फिरवा ना सगळ्यांत. फोनवर दिसतो आहे." त्यांनी फोन पुढे केला. इवाईच्या एका पुतण्याने तो हातात घेऊन पाहिला. ऊन थेट काचेवर होतं. त्याला त्यात स्वतःचंच तोंड दिसलं असावं. त्याने फोन परत केला आणि जे बोलला ते मी नंतर कुठल्याही लेखात इतक्या थोडक्यात वाचलं नाही.

"जो फोटो तुह्याच फोनमंधी दिसते, तो फोटो नोहे. ते तुह्यं बोलनं व्हय."

मागून कुणीतरी म्हणालं, "उघडत नाही तं फोडा!"

आणि फोडायला सुरुवात झाली. आधी लॅपटॉप गेला. पडदेवाला त्यावर पालथा पडला, त्यामुळे लॅपटॉपसाठी उगारलेली काठी त्याच्या पाठीवर बसली आणि दुसरी त्याच्या बोटांवर. बोटं मोडल्याचा आवाज सुक्या काटकीसारखा असतो, हे मला तेव्हा कळलं. मग पडदा. पडद्यावर दगड बसेल तिथे एक काळा चौकोन विझत होता, आणि उरलेल्या चौकोनांवर फाईल खराब असल्याचा मजकूर शेवटपर्यंत टिकून होता. कंत्राटावर असलेला राग कुणी त्याच घाईत अध्यक्षांवर काढला. पहिला फटका कानशिलावर बसला तेव्हा ते माइकमध्ये "बंधूंनो" म्हणत होते. दुसरा तोंडावर बसला. पुढचा शब्द, एका दातासह, माइकवर आला आणि सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

पटाला आलेल्या बैलगाड्यांच्या उभाऱ्या लोकांनी उपसल्या. उभारी म्हणजे गाडीच्या कडेला खोचलेला, मनगटाएवढा जाड सागाचा दांडका. तण्सीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, भार तोलायला बनवलेला, आणि माणसाच्या डोक्याला त्या मानाने फारच जड. दोन गावं एकमेकांत घुसली. ज्यांच्या घरात एकमेकांच्या लेकी दिल्या होत्या ते एकमेकांना नात्याने हाक मारून मारत होते. "या मामाजी, या!" असं म्हणून एका जावयाने सासऱ्याच्या बरगडीत दांडका घातला. एका म्हाताऱ्याने जमिनीवर पडल्या पडल्या समोरच्या पायाचा चावा घेतला. तो पाय त्याच्याच पुतण्याचा निघाला, पण त्याने सोडला नाही. माझी तिपाई एकाने हिसकावली. तिचा एक पाय एका खांद्यावर तुटला, दुसरा एका कपाळावर. तिसरा माझ्या हातात राहिला होता, म्हणून मला या लढाईतला समजून कुणीतरी माझ्या पाठीत उभारी घातली. मी तोंडावर धुळीत पडलो आणि तिथूनच पुढचं पाहिलं.

इवाईचे पुतणे पांढऱ्याला सोडवून न्यायला धावले होते. निकाल लागला नसला तरी बैल ताब्यात असलेला बरा, असा त्यांचा हिशेब. भाऊजी बैलाच्या गळ्याला मिठी मारून लोंबकळत होते. त्यांच्या डोक्यातून रक्त येत होतं आणि ते पांढऱ्याच्या मानेवरून ओघळत होतं. "नाही देत! माराले आले तं मारा, बैल नाही देत!" एकाने भाऊजींच्या डोक्यावर दुसरा वार उगारला. भाऊजींनी मान काढून घेतली. उभारी खाली आली ती पांढऱ्याच्या पुढच्या पायावर, सांध्याच्या जरा वर. बैल ओरडला. बैल असा ओरडतो हे मी आधी ऐकलं नव्हतं, आणि त्या आवाजाने सगळ्या मैदानाचे हात क्षणभर थांबले. मग तो उसळला. वेसणीची दोरी धरलेल्या इवाईंना त्याने शिंगाने उचलून टाकलं, आणि ते खाली पडले ते हातावर. पोलीस आले तेव्हा पांढरा तीन पायांवर उभा होता, भाऊजी त्याच्या पोटाखाली बसले होते, आणि इवाई दोन हातांवर पडून शिव्या देत होते. पैकी एक हात चुकीच्या बाजूला वळलेला होता.

ग्रामीण रुग्णालयात आम्हाला एकाच व्हरांड्यात ओळीने बसवलं. भाऊजींच्या डोक्याला टाके पडले, इवाईंच्या हाताला प्लास्टर, अध्यक्षांचा जबडा तारांनी बांधला, त्यामुळे त्या दिवसापुरतं भाषण नव्हतं. ठाण्यात दोन्ही गावांनी एकमेकांविरुद्ध तक्रारी दिल्या. पुढचे काही दिवस माझ्या दुकानात दोन्ही गावांचे लोक आपापल्या जखमा फोनमध्ये घेऊन आले, आणि त्यातल्याही काही त्याच चार अक्षरांत होत्या. मी माझी पाठ शेकत त्या जखमा जेपीजीत आणून छापून दिल्या. नव्या प्रकाराला आमच्या तालुक्यात एवढा प्रसार आधी कधी मिळाला नव्हता.

जनावरांच्या डॉक्टरांनी पांढऱ्याचा पाय पाहून सांगितलं, जगेल, चालेल, पण पळणार नाही. आता भाऊजींपुढे एकच गोष्ट उरली होती: हा बैल आपला आहे की नाही. "पट हरलो असन तं तो तिकडं जाईल," ते मला म्हणाले. "जितलो असन तं इथं मरेपर्यंत बसून खाईल. पण मले समजलं पायजे, साळेबुवा. त्याले गोठ्यात बांधतो तं चोराच्या घरी बांधल्यावानी वाटते."

अध्यक्षांचा फोन फुटला होता, पण आतली फाईल शाबूत होती. जबड्याला तारा असलेल्या माणसाला आपली अब्रू लिहूनच मागावी लागते. त्यांनी चिठ्ठीवर "फोटो सर्वांस दाखवावा" असं लिहून फोन माझ्याकडे पाठवला. मी नव्या संगणकावर फाईल घेतली, प्रकार बदलणारं सॉफ्टवेअर चालवलं. भाऊजी डोक्याला पट्टी बांधून पासपोर्टच्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले होते, पाठ ताठ, हनुवटी किंचित वर, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे. फोटो उघडला तो उलटा. फोन कसा धरला होता याची नोंद प्रकार बदलताना गळून पडते. बैल वर पाय करून आभाळावरून धावत होते. मी तो सरळ केला.

फोटो उत्तम होता. हे मला मान्य करावं लागेल. धुळीचा कणन् कण वेगळा दिसत होता, ऊन आणि सावली दोन्ही आपापल्या जागी होती, जेपीजीने यातलं निम्मं चावून खाल्लं असतं. आणि इवाईंचा बैल पांढऱ्याच्या पुढे होता. फार नाही, नाकपुड्यांपुरता.

भाऊजींनी दोन्ही नाकपुड्यांमधलं अंतर पडद्यावर बोट ठेवून मोजलं. मग म्हणाले, "मोठा करून छापा. काच लावा."

मी म्हणालो, "भाऊजी, हे कोणालाच माहीत नाही. अध्यक्षांचं तोंड अजून महिनाभर उघडत नाही."

"मले मालूम झालं ना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढऱ्याला पिकअपमध्ये चढवलं आणि मला सोबत घेतलं. वाटेत त्यांनी एकदाही मागे वळून बैलाकडे पाहिलं नाही, पण गाडी खड्ड्यातून गेली की ते चालकाला शिवी देत. इवाईंच्या अंगणात तण्सीचा ढीग होता आणि इवाई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून खाटेवर बसले होते. भाची दारात उभी होती.

"इवाई, तुमचा बैल आनला," भाऊजी म्हणाले.

"माहा कुठचा? तुमचाच व्हय तो."

भाऊजींनी फ्रेम त्यांच्या मांडीवर ठेवली. "पाहा. हरलो मी."

इवाईंनी पाहिलं. मग पिकअपमधून उतरून तीन पायांवर उभ्या असलेल्या पांढऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे. "हा फोटो मी नाही मानत."

"काऊन?"

"दुकान तुमच्या साळ्याचं, मशीन तुमच्या साळ्याची. काहीबी बनवता येते आजकाल."

"अजी, पन याच्यात तुम्ही जितून राहिले ना!"

"जितलो तरी नाही मानत. माह्या नजरेत तुम्हीच जितले."

मला मध्ये बोलायचा मोह झाला. मूळ फाईल आहे, तिच्यात तारीख आणि वेळ आहे, असं मी सांगायला लागलो. इवाई म्हणाले, "मंग उघडून दाखव ना इथं." त्यांनी स्वतःचा फोन काढला. तो साधा होता. तिथे ती उघडणार नव्हती.

"सरळ बोला ना," भाऊजी म्हणाले, "लंगडा झाला म्हनून नाही पायजे."

"लंगडा कोनं केला? तुम्ही मान काढली म्हनून झाला. मर्द असते तं डोस्क्यावर घेतलं असतं!"

"उभारी तुमच्या पुतन्याची होती!"

"अन् शिंग तुमच्या बैलाचं होतं!"

इवाईंना एकच हात धड होता आणि त्यात फ्रेम होती. ती त्यांनी भाऊजींच्या डोक्यावर घातली. काच फुटली, टाके उसवले, आणि फोटोची चौकट क्षणभर भाऊजींच्या गळ्यात हारासारखी अडकली. भाऊजींनी इवाईंचं प्लास्टर धरून पिळलं. इवाई किंचाळले आणि त्यांनी भाऊजींच्या पोटात गुडघा मारला. दोघं तण्सीत कोसळले. पन्नाशी केव्हाच ओलांडलेले दोन आजोबा, एक डोक्याने रक्तबंबाळ, एक हाताने निकामी, एकमेकांना बैल देण्यासाठी एकमेकांचे गळे दाबत होते. मी सोडवायला गेलो तर भाऊजींची लाथ मला पाठीत, जुन्याच जागी बसली.

भाचीने विहिरीवरची बादली आणून दोघांवर रिकामी केली. मग बादलीनेच, आधी सासऱ्याच्या पाठीत आणि मग बापाच्या, एकेक हाणली. आवाज मोठा झाला. बादली पत्र्याची होती.

"टाके कोन धुते तुमचे? मी! हात कोन शेकते यायचा? मी!" ती ओरडली. "कोन जितलं ते तुम्ही दोघं मेल्यावर मी सांगीन. तोपर्यंत बैल एक महिना इथं राहील, एक महिना तिथं. अन् ज्याच्या घरी वाळला, त्याच्या घरी मी पानी नाही पिनार!"

दोघांनी तण्सीतूनच एकमेकांकडे पाहिलं. सासरा म्हणून एकाचं, बाप म्हणून दुसऱ्याचं, या मुलीपुढे दोघांचंही कधी चाललं नव्हतं. भाऊजींनी गळ्यातली चौकट काढली आणि कपाळातला काचेचा तुकडा चिमटीने उपटून दूर, बैलाच्या पायाखाली येणार नाही असा फेकला.

इवाई कण्हत उठले. "या महिन्यात कोनाकडे?"

"तुमच्याकडे. आत्ता उतरवला ना."

तेव्हापासून ते तसंच चाललं आहे. दर महिन्याला पिकअप एका गावातून दुसऱ्या गावात जाते. आपल्या घरी बैल वाळला असं दुसऱ्याने म्हणू नये म्हणून दोघंही त्याला सरकीची ढेप आणि तांदळाचा कोंडा घालतात, एकमेकांपेक्षा मूठभर जास्त. बैल पळत नाही, गाडीला जुंपत नाही, दोन्ही घरी बसून खातो. गेल्या खेपेला जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि वजन कमी करायला सांगितलं.